कबरस्तानातला दगड वाचायला मदत हवी (फोटो धड आले नाहीत, शब्दांत लिहितेय)

ठाण्याची_लेक
नमस्कार मंडळी. मी इथे बरीच वर्षं वाचनमात्र. पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. मूळ गाव अलिबाग तालुक्यात, माझा जन्म मात्र ठाण्याचा. माझी आत्या इस्रायलमध्ये अश्दोदला असते, वय ८४. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "अगं, माझ्या आजोबांच्या वडिलांची गेल्याची तारीख कुणालाच माहीत नाही. त्यांच्या नावाने आजवर दिवा लागलेला नाही. मी आहे तोवर बघ काही सापडतंय का."

या माझ्या खापरपणजोबांबद्दल घरात एकच वाक्य चालत आलंय: "ते चौलच्या दत्ताच्या जत्रेत गेले." बाकी सगळा त्यावर चढवलेला मसाला. कुणी म्हणे गोसाव्यांबरोबर निघून गेले, कुणी म्हणे मुंबईत दुसरं बिऱ्हाड केलं. आत्याच्या लहानपणी त्यांचा विषय निघाला की तिची आजी भांडी आपटायची. म्हणून दिवा नाही.

तर परवा भाच्याला घेऊन गावी गेले. आमचं आता तिथे कुणी नाही. कबरस्तानाशेजारी एक आगरी काकू राहतात, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "शनवार तेल्यांचं ना? जा की, पण काठी आपटत जा, फुरसं असतात." (शनवार तेली हे आमच्या समाजाचं गावातलं जुनं नाव.) गवत कमरेइतकं. बऱ्याच कबरींवर दगडच नाही, नुसता चौथरा. आम्ही परत फिरणार, तेवढ्यात करंजाच्या बुंध्याला टेकलेला एक काळा दगड दिसला. गुडघ्याएवढा, अर्धा मातीत. बाटलीतलं पाणी ओतल्यावर जे दिसलं ते असं:

सगळ्यात वर दोन हिब्रू अक्षरं, पे आणि नून.
मग मराठीत: नाईक आबाजी बिन इसाजी
पेनशनर (पुढे पलटणीचा नंबर असावा, तिथे टवका उडालाय)
गुरुवार ता. ६ डिसेंबर स. १९० (शेवटचा आकडा गेला)
मग हिब्रू ओळ: टेत वाव, किस्लेव, आणि वर्षासाठी ताव रेश सामेख आलेफ.
तळाशी पाच हिब्रू अक्षरं, निम्मी मातीत.

आता अडचणी. आत्याला नाव आठवतं ते अब्राहम, इथे आहे आबाजी. आमचं आडनाव गावावरून पडलेलं '-कर' आहे, नाईक नाही. भाच्याने फोनवर बघून सांगितलं की टेत म्हणजे ९ आणि वाव म्हणजे ६, म्हणजे वय ९६. पण आमचे खापरपणजोबा गेले तेव्हा त्यांचा मुलगा दहा-बारा वर्षांचा होता, मग हे कसं? आणि वर्षाची बेरीज तो १९०१ काढतो, पण ६ डिसेंबर १९०१ला गुरुवार नव्हता, शुक्रवार होता.

हा दगड आमचा की दुसऱ्याच कुणाचा?

पोफळी
वाचतेय. आमच्या शेजारी पेणला एक कुटुंब होतं, मलिद्याचं ताट यायचं त्यांच्याकडून. पोहे, गूळ, खोबरं. त्याची आठवण झाली.

शिलालेखवेडा
ताई, पहिल्या दोन अडचणी अडचणी नाहीतच.

नाव: तुमच्या समाजात बायबलमधली नावं कोकणी वळणाची झाली होती. अब्राहमचा आबाजी, आयझॅकचा इसाजी, सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) १७९६मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर लष्करात आणि लोकांत सामाजी हसाजी म्हणूनच ओळखले जात. तेव्हा आबाजी बिन इसाजी म्हणजे सरळ अब्राहम, आयझॅकचा मुलगा. घरात अब्राहम नाव टिकलं, कारण नंतरच्या पिढ्यांनी बायबलमधली रूपं परत घेतली.

'बिन' बघून दचकू नका. जुन्या मराठी कागदांत मराठे, कुणबी, माळी सगळे 'अमका बिन तमका' असेच येतात.

नाईक: हे आडनाव नाही हो, हुद्दा आहे. शिपायाच्या वरचा, हवालदाराच्या खालचा. पुढच्याच ओळीत 'पेनशनर' आहे की. मुंबई इलाख्याच्या पलटणीत तुमचे लोक खूप होते आणि दगडावर हुद्दा नावाच्या आधी लिहायची पद्धत होती. आडनाव मुळात लिहिलेलंच नाही, कारण त्याच गावात पुरलेल्या माणसाला 'त्या गावचा' म्हणायची गरज नव्हती. '-कर' लागतं ते गाव सोडल्यावर.

वाराचं: १९०० ते १९०९मध्ये ६ डिसेंबरला गुरुवार दोनदाच येतो, १९०० आणि १९०६. त्यातलं कुठलं, ते हिब्रू येणाऱ्या कुणीतरी सांगा.

ठाण्याची_लेक
बाप रे. नाईक हुद्दा असेल हे डोक्यातच आलं नाही. भाचा तर "चुकीच्या माणसाच्या कबरीवर दोन लिटर पाणी घालून आलो" म्हणत होता.

कोकणकडा
पुढच्या वेळी जाल तेव्हा रांगोळी किंवा पीठ न्या. अक्षरांत चोळलं की पांढरं उठून दिसतं, मस्त फोटो येतो. आम्ही गडावरच्या शिलालेखांना करतो.

शिलालेखवेडा
@कोकणकडा, करता म्हणूनच ते शिलालेख चार वर्षांनी वाचता येत नाहीत. पीठ चोळलं की मुंग्या आणि बुरशी, खडू चोळला की कड घासते. तारेचा ब्रश आणि ॲसिड तर नावच नको.

साधं पाणी, दात घासायचा मऊ ब्रश, आणि उजेड बाजूने. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. भर दुपारी अक्षरं सपाट दिसतात, तुमचे फोटो त्यामुळेच गेले. दगड सावलीत असेल तर घरचा आरसा न्या आणि उन्हाची तिरीप दगडावर आडवी पाडा. सोबत असेल तर अंधार पडल्यावर मोबाइलची बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून धरा. जी ओळ दिवसा नव्हती ती उगवते. पलटणीचा नंबर असा सापडू शकतो, टवका किती खोल आहे त्यावर आहे.

संगमरवरी दगड असतील तर गंमत वेगळी. त्यात शिसं भरून अक्षरं केलेली असतात आणि शिसं लोक काढून नेतात. पण मग शिसं बसवायला पाडलेली बारीक भोकं उरतात, ती जोडत अक्षर वाचायचं.

रामल्याहून
शालोम आणि नमस्कार. माझा जन्म पनवेलचा, इथे इस्रायलला येऊन ४० वर्षं झाली, मराठी अजून शाबूत आहे. भाच्याला सांगा, ९६ नाही, १५.

हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात. १५ लिहायचे तर खरं म्हणजे १० आणि ५, म्हणजे योद आणि हे. पण ती दोन अक्षरं जोडली की देवाचं नाव होतं, म्हणून ती टाळून ९ अधिक ६ लिहितात, टेत वाव. १६चंही तसंच, टेत आणि झाइन. तेव्हा ओळ आहे: १५ किस्लेव.

वर्ष: ताव ४००, रेश २००, सामेख ६०, आलेफ १. झाले ६६१. हजारांचा आकडा लिहीत नाहीत, तो धरून ५६६१. ६६१मध्ये १२४० मिळवले की १९०१, भाच्याची बेरीज बरोबर आहे. पण आमचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं. तिश्री, हेश्वान, किस्लेव हे महिने जानेवारीच्या आधी पडतात, त्यांना एक वजा करायचा. किस्लेव ५६६१ म्हणजे १९००चा डिसेंबर. (तेवेत मधेच येतो, त्याला पंचांग बघावंच लागतं.)

वरचं पे नून म्हणजे 'इथे पुरलेले आहेत'. खालची पाच अक्षरं ताव नून त्सादी बेत हे असणार, 'त्यांचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो'. ते बायबलमधल्या शमुवेलाच्या पुस्तकातून आलंय. जवळजवळ प्रत्येक दगडावर असतं, त्यातून घराण्याचं काही कळत नाही.

आता खरी गोष्ट. १५ किस्लेव ५६६१ला इंग्रजी तारीख आहे शुक्रवार, ७ डिसेंबर. तुमच्या दगडावर मराठीत गुरुवार ६.

पोफळी
म्हणजे चूक झाली?

रामल्याहून
नाही, बाई. आमचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. १५ किस्लेव लागला गुरुवारी संध्याकाळी. गुरुवार दुपारी गेले असते तर हिब्रूत १४ आलं असतं. मध्यरात्रीनंतर गेले असते तर मराठीत शुक्रवार ७ आला असता. दोन्ही तारखा बरोबर असतील तर माणूस गेला तो दिवेलागण ते मध्यरात्र या वेळात. पाथरवटाने कागदावरून नक्षीसारखी हिब्रू अक्षरं उतरवलेली असतात, रेशचा दालेत आणि बेतचा काफ झालेला मी पुष्कळ पाहिलाय. पण कागद लिहून देणारा हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, पक्का होता.

शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत माती दिली असणार, घाईघाईने.

ठाण्याची_लेक
अंगावर काटा आला. वेळसुद्धा.

वसईकर_मी
सुंदर धागा. थोडं अवांतर: आमच्याकडे वसईच्या किल्ल्यात मोडक्या चर्चांच्या जमिनीत पोर्तुगीज शिळा आहेत. १७३९ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला त्याच्या आधीच्या. माणसाच्या नावापुढे 'इ द सेउस एर्देइरोस' असं कोरलेलं, म्हणजे 'आणि त्याच्या वारसांची'. जागेचा सातबाराच म्हणा ना. पण आमच्यासारख्या साध्या घरांना त्याचा उपयोग नाही, आमचे पूर्वज दगड विकत घेणाऱ्यांतले नव्हते. आम्हाला जे मिळालं ते चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्यांत.

म्हापशेकार
गोव्यात तर साधी कबर काही वर्षांनी उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कप्प्यात किंवा विहिरीसारख्या खड्ड्यात ठेवतात आणि जागा पुढच्याला. कायमची कबर पैसे भरून घेतलेल्यांची. त्यामुळे जुना दगड शोधायला गेलात तर भाटकारांचंच (जमीनदारांचंच) घराणं सापडेल.

डोंबिवलीकर_९
आम्ही हिंदू लोकांनी काय करायचं? आमचं सगळं राख होऊन गोदावरीत.

शिलालेखवेडा
त्र्यंबकला किंवा नाशकात आपल्या तीर्थोपाध्यायांकडे जा. गाव आणि आडनाव सांगितलं की ते नामावळीची वही काढतात. तुमच्या घराण्यातला जो कोणी श्राद्धाला आला, त्याने आपली, भावांची, मुलांची नावं तिथे लिहिलेली असतात, जुनी मोडीत. बायकांची नावं कमी. वीरगळ बघून 'हा आमचा पूर्वज' म्हणणारे भेटतात, पण बहुतेक वीरगळांवर नावच नसतं.

कोकणकडा
अवांतरात अवांतर, पण या सगळ्या जमिनी कुणाच्या नावावर आहेत हे एकदा तपासायला हवं.

पोफळी
@कोकणकडा, त्याचा वेगळा धागा काढा. इथे नको.

चौलवाली
अगं लेकी, मी आत्ता वाचला हा धागा. तुम्ही सगळे आकडे मोजत बसलात आणि कुणीच पंचांग उघडलं नाही?

रामल्याचे दादा सांगतात तो महिना चंद्राचा. मग १५ तारीख म्हणजे पौर्णिमाच की नाही? १९००च्या डिसेंबरातली पौर्णिमा म्हणजे मार्गशीर्षातली. दत्तजयंती. आमच्या चौल-भोवाळ्याच्या दत्ताची जत्रा त्या पौर्णिमेपासून पाच दिवस असते. माझं माहेर डोंगराच्या पायथ्याशी, जत्रेत आम्ही पाच दिवस घरात कमी आणि पायऱ्यांवर जास्त असायचो.

आता तुमचं घरातलं वाक्य परत वाच. "जत्रेत गेले."

आमच्याकडे अजून असंच बोलतात. माझी सासू शिमग्यात गेली. दीर गौरीत गेले. त्याचा अर्थ दीर गौरी बघायला गेले असा नाही. तुझा खापरपणजोबा जत्रेला गेला नव्हता गं, जत्रेच्या दिवसांत वारला. घरच्या अंथरुणावर वारला असेल.

शिलालेखवेडा
_/\_

आत्ता तपासलं. ६ डिसेंबर १९०० ही पौर्णिमा आहे. शके १८२२, मार्गशीर्ष. मावशी, तुम्हाला दंडवत.

रामल्याहून
माझी आजी सगळ्या तारखा सणांवर सांगायची, आपल्याही आणि शेजाऱ्यांच्याही. "तू होळीच्या आधी चार दिवस झालास." आमच्या पुरीम सणाच्या आसपासच येते होळी. कागदावर हिब्रू, सरकारात इंग्रजी आणि बोलण्यात गावची जत्रा. बरोबर आहे चौलवालीचं.

ठाण्याची_लेक
कालपासून इथे काही लिहिताच आलं नाही.

आत्याला फोन केला. तिला आधी दगड वाचून दाखवला, मग वेळेचं सांगितलं, मग जत्रेचं. ती बराच वेळ गप्प. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "म्हणजे पळाले नव्हते." मी म्हटलं, नाही. तर म्हणते, "मग माझी आजी भांडी का आपटायची?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. ती त्यांची सून, लग्न होऊन आली तेव्हा सासरा जाऊन कितीतरी वर्षं झालेली. तिनेही ऐकीवच ऐकलं असणार. 'जत्रेत गेले' हे सांगणारं माणूस गेलं आणि ऐकणाऱ्याने 'जत्रेला गेले' ऐकलं, एवढंच झालं असेल का? एका 'त'चा 'ला'?

चौलवाली
किंवा घरात पुरुषमाणूस नाही, पेन्शन बंद, पोरगा दहा वर्षांचा. भांडी आपटायला तेवढं पुरतं. सुनेने ती सवय सासूकडून उचलली असेल.

वसईकर_मी
ताई, एक विचारू का, राग नसावा. आबाजी बिन इसाजी ही नावं तुमच्या समाजात घरोघरी असतील. त्याच गावात दुसरा आबाजी नसेल कशावरून? जत्रेचं जुळतंय म्हणून आपण सगळे वाहवत चाललोय का?

शिलालेखवेडा
प्रश्न रास्त आहे. दगडाला दुसरा साक्षीदार हवा.

ताई, तहसील कचेरीत कोतवाल बुक विचारा, म्हणजे गाव नमुना १४. जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल त्यात करायचा. हल्ली कुणबी नोंदींसाठी लोक तेच दप्तर उपसताहेत, त्यामुळे कारकुनाला समजावत बसावं लागणार नाही. अक्षर बहुतेक मोडी असेल, तेव्हा पान दिसलं की फोटो काढा, वाचायचं नंतर बघू. जातीच्या रकान्यात 'इस्रायल'च शोधू नका, 'शनवार तेली' किंवा नुसतं 'तेली'ही असू शकतं. आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात काही मागायचं तर जिल्हा कुलाबा म्हणून मागा. रायगड हे नाव १९८१चं, त्याआधीच्या सूचीत रायगड म्हटलं तर किल्ला निघेल.

नावांच्या रूपांसाठी हाइम सॅम्युएल किहीमकरांचा इतिहास चाळा. १८९७मध्ये लिहून तयार होता, छापला गेला १९३७मध्ये, तेल अवीवला.

रामल्याहून
आणि घरात कुठे केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, पडला असेल तर बघा. त्यात नवऱ्याच्या बापाचं नाव येतंच. मुलाच्या केतुब्यात 'अब्राहमचा मुलगा' मिळेल आणि या आबाजीच्या स्वतःच्यात 'आयझॅकचा मुलगा'. दोन्ही सापडले तर वसईकरांचं समाधान होईल.

आमच्याकडे लोक निघताना देवघरातली पुस्तकं आणि केतुबे सोबत घेऊन आले आणि इथे माळ्यावर टाकले. तेव्हा ठाण्यात नसेल तर अश्दोदला माळा बघायला सांगा.

ठाण्याची_लेक
आठवडाभराने लिहितेय, दोन बातम्या.

कोतवाल बुकाचं पहिल्या खेपेला जमलं नाही, पुढच्या मंगळवारी बोलावलंय.

दुसरी: आत्याच्या नातवाने माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढली. त्यात आजोबांचा, म्हणजे माझ्या पणजोबांचा, केतुबा आहे. कडेला वाळवी लागलीय. बापाचं नाव 'अब्राहम' स्वच्छ वाचता येतंय आणि खाली साक्षीदारांच्या सह्यांत एक सही मोडीत आहे. आबाजीचा स्वतःचा केतुबा नाही. म्हणजे इसाजीचा पुरावा अजून अर्धाच.

@वसईकर_मी, राग कसला. आत्याला मी तुमचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. ती म्हणाली, "दुसरा आबाजी असेल तर त्याच्यासाठीही कुणी दिवा लावत नसेल. किस्लेवच्या पंधराला मी लावणार."

आणि एक राहिलंच. फोटो मोठे करून बघताना आमच्या दगडाच्या डावीकडे, करंजाच्या मुळाखाली, आणखी एका दगडाची कड दिसतेय. त्यावर एकच शब्द वाचता येतो, 'कोम'. हे काय?

शिलालेखवेडा
कोम म्हणजे बायको. 'अमकी कोम आबाजी' असं असणार. मुळं तोडू नका, माती हाताने काढा.

चौलवाली
जायच्या आधी कळव. मी येते, आमच्याकडून रिक्षाने अर्धा तास. मागच्या अंगणातला सब्जा आणेन, तुमच्यात कबरीवर ठेवतात ना? काकूंना सांगून गवत कापून घे आधी.

ठाण्याची_लेक
ठेवतात, मावशी. या रविवारी. सकाळी सातला तिथे पोचतोय, आरसा घेतलाय.